गोधडीसाठी जुनं मशीन: हाताचं २८के, पायाची उषा की चोर बाजारातलं २०१के?

नऊवार (परळ)

नमस्कार मंडळी. आजी आता ९१ वर्षांची आहे. गेल्या वर्षापासून तिला पातळ नेसणं झेपत नाही, गाऊन घालते. परवा तिने ट्रंक उघडायला लावली आणि म्हणाली, "ही सगळी फाडा आणि चार पतवंडांना चार गोधड्या शिवा." एकूण अकरा सुती नऊवारी निघाली. काही इतकी विरली आहेत की उजेडात धरली तर पलीकडची खिडकी दिसते.

डोक्यात आहे ते असं. प्रत्येक गोधडी साधारण ५ फूट बाय ६ फूट. वरचा थर पातळांच्या धड भागातून कापलेल्या चौकोनांचा. मध्ये विरलेल्या पातळांचे दोन थर, खाली मलमल. म्हणजे कामं तीन: चौकोन जोडणं, थर एकत्र शिवणं आणि कडेने गोट लावणं.

नवीन मशीन घ्यायचं नाही, जुन्यावरच करायचं आहे. समोर तीन पर्याय आहेत.

१. घरातलं हाताचं सिंगर २८के. आईच्या माहेरचं. खालचा दोरा ज्यात असतो ते शटल लांबट, होडीसारखं आहे. चालतं.
२. डोंबिवलीला आत्याकडे पायाची उषा, लोखंडी स्टँडसकट. गोल बॉबिन, डावीकडून आत जातं. दहा वर्षं त्यावर टीव्ही ठेवलेला आहे.
३. चोर बाजारात एका दुकानात काळं सिंगर २०१के पाहिलं. दुकानदार बारा हजार म्हणतोय. नेटवर सगळीकडे त्याची स्तुती वाचली.

खोली दहा बाय बारा, त्यामुळे तिन्ही ठेवता येणार नाहीत. कुठलं कशासाठी चांगलं, हे ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी सांगाल का?

टीपकाका (लालबाग)

वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं, पुढे तीस वर्षं मी बसलो. त्या अनुभवावरून लिहितो.

मशीन निवडताना नाव नंतर बघा, आधी एक प्रश्न विचारा: या कामात माझे हात कुठे लागणार आहेत? चौकोन जोडताना डाव्या हाताने कापड सरळ धरलं की बास, उजवा हात हँडल फिरवायला मोकळा राहतो. थर शिवताना मात्र दोन्ही हात कापडावर पाहिजेत, कारण जड गोधडी खेचून वाकडी होते. हाताचं मशीन तिथे कामाचं नाही. गोट लावताना कोपऱ्यापर्यंत दोन्ही हात, कोपऱ्यावर पुन्हा एक हात चाकावर.

तुमचं २८के जोडकामाला उत्तम आहे. होडीचं शटल बघून लोक जुनाट म्हणतात, पण त्याची सरळ टीप देखणी पडते. हँडलच्या एका फेऱ्यात साधारण तीन टाके पडतात. घाई करता येत नाही आणि जोडकामात तोच फायदा आहे, जिथे थांबायचं तिथेच सुई थांबते. उलटी टीप नाही, पण चौकोन जोडताना ती लागत नाही. पुढची आडवी शिवण आधीच्या शिवणीचं टोक बांधून टाकते.

त्याच्या मर्यादाही सांगतो. सुईखालून कापड पुढे सारणारे दाते खाली जात नाहीत. मशीन पाऊण आकाराचं आहे, त्यामुळे आत्याच्या स्टँडच्या खाचेत ते बसणार नाही. आणि सुई ते खांब ही जागा लहान, पाच फुटी गोधडीची गुंडाळी तिथे कोंबावी लागेल.

उषा आणा. गोल उभं बॉबिन, डावीकडून बसणारी बॉबिनची डबी (केस), म्हणजे ते सिंगरच्या १५ नंबराच्या घराण्यातलं. याचे बॉबिन, केस, फूट (कापड दाबून धरणारा पाय) मुंबईत कुठल्याही शिवणसामानाच्या दुकानात मिळतात. मशीन एम्ब्रॉयडरीच्या क्लासमध्ये वर्षानुवर्षं असलीच मशीनं वापरली गेली. दाते खाली करायचे नाहीतर पत्र्याने झाकायचे, आणि कापड ताणून धरणारी रिंग दोन्ही हातांनी फिरवायची. तुमचं थर शिवायचं काम त्याच जातीचं आहे.

२०१ बद्दल रात्री लिहितो.

वाकळ (काळाचौकी)

मी माहेरची साताऱ्याकडची. आमच्याकडे गोधडीला वाकळच म्हणतात. आईबरोबर बसून मी पंधरा-वीस तरी शिवल्या असतील, सगळ्या हाताने, जमिनीवर पसरून. वाईट वाटून घेऊ नका, पण विरलेल्या पातळावर मशीनची टीप मारू नये असं मला मनापासून वाटतं. मशीन सुईने बारीक बारीक भोकं पाडत जातं. जीर्ण कापड त्या रेषेवरच फाटतं, जसं पोस्टाचं तिकीट फाडतो तसं. हाताचा धावदोरा लांब पडतो, कापडाला श्वास राहतो. आजींनी सांगितलंय म्हणून एवढं लिहिलं.

टीपकाका (लालबाग)

वाकळताई, तुमचं म्हणणं अर्धं मान्य. बारीक टीप जीर्ण कापडाला मारकच आहे. पण मशीनची टीप बारीकच असली पाहिजे असं नाही. जोडकामाला इंचाला बारा टाके ठीक, थर शिवताना आठवर आणा. फुटाचा दाब कमी करा (वरचा स्क्रू सैल करायचा), म्हणजे दाते कापड ओरबाडत नाहीत. आणि विरलेलं पातळ कधीच वर ठेवू नका, ते आत. वर धड कापड, खाली मलमल, म्हणजे ताण त्या दोघांवर येतो.

आता २०१. मशीन खरोखर राजेशाही. शटल मागेपुढे झुलत नाही, हूक पूर्ण गोल फिरतो, म्हणून आवाज कमी आणि टीप एकसारखी. आतली जागाही ऐसपैस, आठ इंचांच्या वर. दाते खाली करता येतात. थर शिवायला याहून चांगलं जुनं मशीन मी वापरलेलं नाही.

पण घेण्याआधी मागच्या बाजूला बघा. २०१ चार प्रकारांत आलं: पायाचं, शरीरातच मोटर बसवलेलं, बाहेर पट्ट्याची मोटर असलेलं आणि हाताचं. शरीरात मोटर असलेलं असेल, तर ते पायाच्या स्टँडवर सहज चढत नाही. मोटर कित्येक दशकं जुनी, वायरींचं रबर चुरा झालेलं असतं, ती दुरुस्त करणारा माणूस शोधावा लागतो. पट्ट्याच्या मोटरचं किंवा पायाचं असेल, तर आत्याच्याच स्टँडवर ते चढवता येईल, कारण दोघांचा तळ पूर्ण आकाराचा आहे. मग एका स्टँडवर दोन डोकी, जागेचा प्रश्नच नाही.

दूरदेशी (न्यू जर्सी)

इकडे क्विल्टवाल्यांच्या गटात सगळ्यांकडे सिंगर २२१, फेदरवेट. १९३३ मध्ये आलं, अॅल्युमिनियमचं, वजन जेमतेम पाच किलो, हातात धरून लोकलने नेता येईल असं. माझ्याकडे आहे आणि जोडकामासाठी त्याच्यासारखं मला दुसरं आवडत नाही. पण मुंबईत कोणी "अमेरिकेहून आणलंय" म्हणून विकत असेल तर जपून. इकडची ११० व्होल्टची असतात. माझ्या मावसभावाने असंच एक घेतलं, विकणाऱ्याने "सरळ लावा, चालतं" असं सांगितलं, आणि पहिल्याच मिनिटात मोटरीतून धूर. ब्रिटनमध्ये बनलेली २२१के तिकडच्या जास्त व्होल्टेजची असतात, तरी मोटरीवरची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नये. आणि थर शिवायला ते नकोच. हाताखालची जागा फारच लहान आहे.

अवांतर: २८के, २०१के यातला 'के' म्हणजे किलबोवी, स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकला सिंगरचा जो प्रचंड कारखाना होता तो. १९८० मध्ये बंद पडला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजून 'सिंगर'च आहे. आणि हिंदुस्थानात सिंगरचा कारभार नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी कित्येक वर्षं सांभाळला. तुमच्या आईच्या माहेरचं मशीन कुठून कुठे आलं, याचा विचार केला की मला फार छान वाटतं.

नवशिकी

काका, कापडाची फुलं कापून वर शिवायची असतील (अॅप्लिके) तर झिगझॅग लागेल ना? मग ही सगळी सरळ टिपेची मशीनं बाद?

टीपकाका (लालबाग)

बाद नाहीत. कडा आत दुमडून, इस्त्री करून, काठाला चिकटून सरळ टीप मारा. हाताच्या मशीनवर वळणं फार छान घेता येतात, दर टाक्याला फूट उचलून कापड वळवता येतं. कच्च्या कडांवर भरगच्च झिगझॅगच हवा असेल तर मात्र वेगळं मशीन लागेल.

ठाणेकरीण

मी सात वर्षं क्विल्ट करते आहे, उषाच्याच काळ्या मशीनवर. दोन गोष्टी.

पहिली, पाव इंच. चौकोनांच्या कामात सगळा जीव या पाव इंचात असतो. जुन्या मशीनच्या फुटाची कड पाव इंचावर असेलच असं नाही, त्यामुळे फुटावर भरवसा ठेवू नका. चौकटीच्या वहीचा कागद घेऊन सुई एका रेषेवर टोचा, पाव इंचावरची रेषा कुठे येते ते बघा, तिथे सुईखालच्या पत्र्यावर जाड चिकटपट्टी लावा. सिंगरच्या तळावर स्क्रूसाठी भोकं असतात, त्यात कापड टेकवायची छोटी पट्टी बसते. ती मिळाली तर सोन्याहून पिवळं.

मग परीक्षा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा, मधली मोजा. बरोबर एक इंच भरली पाहिजे. कमी भरली तर पत्र्यावरची चिकटपट्टी सुईकडे सरकवा.

दुसरी, थर शिवताना सरळ रेषाच मारायच्या असतील तर दाते खाली करू नका. उलट चालता फूट (वॉकिंग फूट) लावा. तो वरचा थरही खालच्याबरोबर पुढे ढकलतो. दाते खाली करायचे ते वेलबुट्टी काढायची असेल तर. तेव्हा टाक्याची लांबी मशीन ठरवत नाही, आपला हात ठरवतो. पाय एकाच लयीत आणि हात त्या लयीत, हे जमायला मला दोन महिने जुन्या चादरींवर सराव करावा लागला. आजींच्या पातळांवर पहिला प्रयोग करू नका.

टीपकाका (लालबाग)

पाव इंच म्हणजे दोन सूत. आमच्या भाषेत सांगतो, म्हणजे नवशिक्यांच्या लक्षात येईल चूक किती वाढते. शिवण अर्धा सूत जास्त घेतलीत तर दोन्ही बाजूंचा मिळून दर शिवणीला एक सूत जातो. आठ शिवणींत अख्खा इंच. मग शेजारची ओळ जुळत नाही आणि लोक मशीनला दोष देतात.

वाकळ (काळाचौकी)

ठाणेकरीणताई, एक विचारते. आम्ही कडेने सुरुवात करतो. बाहेरून चौकोनी फेरे मारत आत आत येतो, शेवटचा टाका मध्यावर. मशीनवर हे चालेल का? गोधडीचं रूप त्या फेऱ्यांतच असतं.

ठाणेकरीण

हा खूप चांगला प्रश्न आहे, आणि मी यात एक गोधडी घालवली आहे.

हाताने शिवताना सगळं जमिनीवर सपाट असतं. थर हलत नाहीत, फक्त सुई हलते, आणि तळहाताने आपण दर वितीला सुरकुती सारून पुढे जातो. मशीनवर सुई जागेवर आणि कापड हलतं. फूट वरचा थर दर टाक्याला केसभर पुढे सारतो. बाहेरून आत आलात तर ते सगळं जास्तीचं कापड मध्यावर जमतं, आणि तिथे असा झोळ येतो की उसवण्याशिवाय उपाय नाही. म्हणून मशीनवर मधून बाहेर जायचं, म्हणजे जास्तीचं कापड कडेने निघून जातं.

पण फेऱ्यांचं रूप ठेवता येतं. खडूने सगळे चौकोनी फेरे आधी आखून घ्या आणि शिवताना आतल्यापासून सुरू करा. दिसायला तुमच्यासारखीच गोधडी. त्याआधी पूर्ण गोधडी जमिनीवर पसरून, विती-वितीवर हाताने कच्चे टाके घाला. नुसत्या टाचण्यांवर अवलंबून राहू नका, विरलेल्या पातळात त्या सरकतात.

वाकळ (काळाचौकी)

समजलं. म्हणजे मशीनवर करायची असली तरी जमिनीवर बसण्यापासून सुटका नाही. बरं वाटलं वाचून. कच्चे टाके घालायला मदत लागली तर नऊवार, मी दोन स्टेशनांवर आहे. खरंच येईन.

नऊवार (परळ)

तुम्हा सगळ्यांचे कसे आभार मानू! शुक्रवारी चोर बाजारात जाऊन आले. काकांनी सांगितलं तसं आधी मागे पाहिलं: मोटर शरीरातच. वायरीला नख लावलं तर आवरण पावडरीसारखं गळलं. शिवाय सुईखालचा पत्रा दुसऱ्याच कुठल्यातरी मशीनचा होता, आणि रंग इतका नवा चकचकीत की सोनेरी नक्षीवर बोट फिरवलं तेव्हा स्टिकरची कड लागली. मन फार जड झालं, पण सोडून दिलं.

रविवारी टेंपो करून डोंबिवलीहून उषा आणली. चाक जागचं हलत नाही. तेल घातलं तरी नाही. आता काय करू?

टीपकाका (लालबाग)

जोर लावू नका. जुनं तेल वाळून डिंक झालेलं असतं, बहुतेक वेळा लोकांनी खोबरेल किंवा घरातलं दुसरं कुठलं तरी तेल घातलेलं असतं. जिथे जिथे धातूवर धातू घासतो तिथे थोडं रॉकेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी चाक हळूहळू मागेपुढे करा. सुटलं की रॉकेल पुसून काढा आणि मगच मशीनचं पातळ तेल घाला. शटलमध्ये नीट बघा, दोऱ्याचा एक तुकडा अडकला तरी चाक बसतं.

सोनेरी नक्षीला रॉकेल किंवा स्पिरिट लावायचं नाही. जुन्या काळ्या मशीनवर बऱ्याचदा लाखेचा हात असतो, स्पिरिटने तो विरघळतो आणि नक्षी कापसाबरोबर निघून येते. तिथे मशीनचंच तेल मऊ कापडाने फिरवा.

सुई नवी घाला. जोडकामाला ११ नंबर, थरांना १४, फारच जाड झालं तर १६. टाके सुटतात अशी तक्रार घेऊन माझ्याकडे जी मशीनं यायची, त्यातली निम्मी नुसती सुई बदलून घरी जायची.

नऊवार (परळ)

काका, चाक सुटलं! शटलमागे हिरव्या दोऱ्याचा गुंता होता. आत्या म्हणते तो तिच्या लग्नाच्या परकराचा.

पट्टा नवा घातला. २८के वर तीन पट्ट्यांची परीक्षा केली: पहिल्यांदा मधली पट्टी एक सूत कमी, दुसऱ्यांदा अर्धा, चौथ्यांदा बरोबर एक इंच. त्यानंतर चौकोन जोडायला बसले. गेल्या तीन आठवड्यांत पहिल्या गोधडीचा वरचा थर पूर्ण झाला. काल वाकळताई आल्या होत्या. आम्ही पलंग उभा करून जमिनीवर पसरलं, दोघींनी मिळून कच्चे टाके घातले, आणि आज उषावर मधले दोन फेरे मारले. इंचाला आठ टाके, चालता फूट, दाब कमी. झोळ नाही.

एक गोष्ट मात्र लिहायचीच आहे. २८के वर मी एकटी जोडत होते तेव्हा आजी शेजारी खुर्चीत बसून बघायची. परवा म्हणाली, "चाक मला दे." डोळ्यांना दिसत नाही, पण हँडल फिरवायला डोळे कशाला लागतात. आता ती फिरवते आणि माझे दोन्ही हात कापडावर असतात. "थांब" म्हटलं की थांबते. चौकोन हाताखाली आला की बोटांनी चाचपून सांगते, हे मोठ्या काकाच्या बारशाचं, हे गिरणीच्या संपाच्या वर्षी घेतलेलं. मी मागे खडूने लिहून ठेवते आहे.

टीपकाका (लालबाग)

खडू धुण्यात जाईल. मलमलीवर नाव आणि वर्ष दोऱ्याने काढा.

आणि पावसाळा तोंडावर आहे, चामड्याचा पट्टा ओला होऊन सैल पडेल. घसरायला लागला की अर्धा इंच कापून पुन्हा जोडा. आजींचं हँडल घट्ट लागत असेल तर मुठीच्या मुळाशी तेलाचा एक थेंब सोडा, तिथे कोणी घालत नाही.